गाडी मी निवडली होती

आमच्या घरात गाडी कुठली घ्यायची, ते मी ठरवलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटतं, जो चालवतो त्यानेच निवडली असणार. माझे यजमान कुणाची ती समजूत दुरुस्त करत नाहीत, म्हणून मीच सांगते.

माझं माहेर पेडण्याचं. लग्न होऊन साखळीला आले. यजमान मूळचे दोडामार्गच्या पलीकडच्या एका गावचे. खाणीवर ट्रक चालवायला गोव्यात आले आणि इथेच राहिले. ते चांगले उंच आहेत. आमच्या भाड्याच्या घराच्या दारातून आत येताना त्यांना मान खाली घालावी लागायची आणि चौकटीच्या वरच्या लाकडावर त्यांच्या कपाळाच्या तेलाचा एक काळपट डाग पडला होता. खनिजाच्या ट्रकची केबिन मात्र त्यांना बरोबर बसायची. डिचोलीच्या रस्त्यावर बसच्या खिडकीतून मला कधी त्यांचा ट्रक दिसला, तर ते पडवीत खुर्ची टाकून बसल्यासारखे ऐसपैस बसलेले असायचे.

मी साखळीच्या बाजारात यंत्रांच्या सुट्या भागांच्या एका दुकानात काउंटरवर होते. बेअरिंग, पट्टे, सील, पंपाचे भाग. पहिली दोन वर्षं मी फक्त पावत्या फाडत होते. मग हळूहळू माल कळायला लागला. फोनवर कुणी दांड्याची जाडी सांगितली की कपाटातून बरोबर ती रिंग काढून द्यायचे. दुकानाचे मालक वयस्कर होते, मोजकं बोलायचे, पण गिऱ्हाइकांसमोर एकदा म्हणाले की माझ्या हातून गेलेला माल मापाला चुकला म्हणून परत आलेला त्यांना आठवत नाही. ते वाक्य मी घरी येऊन सांगितलं. पुढे बरीच वर्षं ते मनात बाळगलं.

खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक रस्त्याच्या कडेला रांगेने उभे राहिले आणि त्यांच्या चाकांभोवती गवत वाढलं. यजमान घरी बसले. कुंपणाची काटेरी झाडं तोडून झाली, मोरीचा नळ दुरुस्त झाला, खिडक्यांना रंग देऊन झाला. मग काही उरलं नाही. ते दुपारी दुकानापर्यंत चालत यायचे, पायरीवर उभे राहून दोन शब्द बोलायचे आणि परत जायचे.

असेच ते एकदा उभे असताना पेडण्याच्या एका काजूच्या कारखान्यातून फोन आला. बॉयलरला पाणी देणारा पंप गळत होता आणि सगळं काम थांबलं होतं. एरवी आम्ही असा माल बसच्या कंडक्टरकडे द्यायचो, तो म्हापशाला दुसऱ्या बसमध्ये टाकायचा आणि माल संध्याकाळपर्यंत पोचायचा. मी सील कागदात गुंडाळलं आणि यजमानांच्या हातात दिलं. ते मोटारसायकलवर निघाले. सव्वा तासाने कारखान्यातून परत फोन आला, पंप चालू झाला म्हणून. मालकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हो धंदो आसा. तुझ्या घोवाक सांग."

धंदा होताच. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत, तुयेला, म्हापशाला, कुठे ना कुठे रोज काहीतरी मोडायचं, आणि मोडलेल्या यंत्राजवळ माणसं हात बांधून उभी असायची. मुरगावला जहाजांना सामान पुरवणारा एक व्यापारी होता. त्याला तर जहाज धक्का सोडायच्या आत माल हवा असायचा. जहाज सुटलं की तो माल आणि वजनाचा दगड सारखाच. अशा लोकांना माल किती हे महत्त्वाचं नसतं, किती वाजता हे महत्त्वाचं असतं. मोटारसायकलवर बसेल तेवढा माल यजमान नेत. मोठा असला तर ओळखीच्याचा टेम्पो, कुणाची पिकअप, एकदा तर माशेलच्या एका मंडपवाल्याची गाडी. चार-पाच महिन्यांत आमचं ठरलं की आपली स्वतःची, बंद बॉडीची गाडी घ्यायची.

मी एक वही सुरू केली. दुकानातून किंवा दुसरीकडून यजमान जो माल नेतील, त्याची लांबी, रुंदी, उंची आणि वजन लिहायचं. ते घरी आले की मी विचारायचे आणि ते हाताने दाखवत सांगायचे. काही वेळा मी स्वतः टेप लावून मोजून घ्यायचे. तीन महिने एकही खेप सुटली नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मी अंगणात खडूने दोन चौकोन आखले. एक लहान व्हॅनच्या मागच्या जागेचा, सहा फूट लांब आणि चार फूट रुंद. दुसरा उंच छपराच्या मोठ्या व्हॅनचा, जवळजवळ दहा फुटांचा. दुकानातली रिकामी खोकी आणली होती, ती वहीतल्या मापाप्रमाणे आत मांडून बघितली. लहान चौकोनात जवळजवळ सगळं बसत होतं. चाकांच्या वरचा फुगवटा आत येतो तेवढी जागा सोडूनसुद्धा बसत होतं. यजमान तुळशीजवळ उभे राहून बघत होते. गंमत म्हणून ते लहान चौकोनात आडवे झाले. त्यांचे पाय घोट्यापासून बाहेर आले. आम्ही दोघंही खूप हसलो. शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.

माझं गणित साधं होतं, आणि गणित म्हणून ते आजही खरं आहे. घाईचा माल बहुतेक वेळा लहान असतो. मोठी गाडी घेतली की ती रिकामी पळते, नाहीतर भरायची वाट बघत उभी राहते. आणि वाट बघायला लागलात की घाईचा माल घाईचा राहत नाही. पेडण्याच्या गावांत चिऱ्यांच्या गडग्यांमधून, दगडी कुंपणांच्या मधून जाणारे अरुंद रस्ते मला लहानपणापासून माहीत होते. तिथे मोठी गाडी आत गेली तर तिला मागे घेत बाहेर काढावं लागतं. फेरीबोटीवर लहान गाडी कुठेही शिरते. लांब पाइप किंवा रोलर असला तर छपरावर कॅरिअर बसवून घ्यायचा. हे सगळं मी मालकांना सांगितलं, बँकेतल्या साहेबांना सांगितलं, यजमानांना कितीदा सांगितलं. ते ऐकून घ्यायचे. त्यांना माझं कौतुक होतं. ट्रकवाल्या मित्रांना ते सांगायचे की बायकोने सगळा अभ्यास केला आहे.

म्हापशाच्या शोरूममध्ये आम्ही दोघं गेलो. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. मी लहान गाडीच्या मागच्या दाराला टेप लावत होते. विकणाऱ्या पोराने यजमानांना पुढे बसायला सांगितलं. ते वाकून, आधी एक पाय, मग अंग, मग दुसरा पाय, असे आत शिरले. त्यांचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर आले. डोकं छपराला लागत होतं, म्हणून मान थोडी उजवीकडे कलली. सीट मागे सरकवता येते का असं त्यांनी विचारलं. येत नव्हती. लगेच मागे मालाच्या जागेचा पत्रा होता, आणि इंजिन सीटच्या खाली होतं.

मी पुढे येऊन विचारलं, "बसूंक जाता मरे?"

ते म्हणाले, "बसतंय. सवय होतली."

मी पोराला पुढचं विचारलं, मागचं दार पूर्ण उघडल्यावर किती रुंद होतं ते.

ही जागा माझ्या मनात इतक्यांदा येऊन गेली आहे की आता मला त्या शोरूमच्या फरशीचा रंगसुद्धा सांगता येईल. मी त्यांची मान कललेली बघितली होती. बघितली नाही असं म्हणायची सोय मला नाही. मी ती बघितली आणि तिची नोंद घेतली नाही, कारण माझ्या वहीत तिला रकाना नव्हता.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. गाडी पांढरी होती, कामाला चोख होती. तुयेच्या बाजूला एका कारखान्याकडे जाणाऱ्या वाटेवर दुसऱ्या एका वाहतूकवाल्याची उंच गाडी आंब्याच्या फांदीखाली अडकली होती आणि माल डोक्यावरून न्यावा लागला होता. त्याच आठवड्यात आमची गाडी थेट दारापर्यंत गेली. ही गोष्ट मी दुकानात किती जणांना सांगितली असेन, मोजदाद नाही. सकाळी काउंटरवर फोन आला की मी माल काढायचे, यजमान बाहेर गाडी लावून तयार असायचे, आणि माझं शेवटचं अक्षर पावतीवर उमटायच्या आत ते वळणापलीकडे गेलेले असायचे. मला ते फार आवडायचं. एक माणूस माप सांगतो, एक माणूस पोचवतो, आणि कुठेतरी थांबलेलं चाक फिरायला लागतं.

दुसऱ्या वर्षापासून त्यांची कंबर दुखायला लागली. मी तेल चोळायचे. गाडीवाल्यांची कंबर दुखतेच, सगळेच म्हणायचे. ते सीटवर माझ्या माहेरची एक जुनी गोधडी घडी करून ठेवायला लागले, मग ती काढून टाकली, कारण तिने उंची वाढून डोकं जास्त लागायचं. मग त्यांनी सीटच्या फोमचा एक थर कापून काढला. मला वाटलं, उकडतं म्हणून. घरी ते जेवायला बसेनासे झाले. ताट घेऊन ओट्याशी उभे राहून जेवायचे. मी विचारलं तर म्हणाले, दिवसभर बसून कंटाळा येतो. ते मला पटलं. पटवून घेण्यासारखंच उत्तर ते देत असत.

तिसरं वर्ष संपत आलं होतं. एका सकाळी चहा पिताना, उभ्यानेच, ते म्हणाले, "मोठी गाडी घेवया काय? जुनी देवन."

मी विचारलं, का?

ते थोडे अडखळले. मग म्हणाले की आता मोठा माल यायला लागला आहे. परवा एक मोटर आली होती, ती बसवताना त्रास झाला. डिचोलीला एकाने लोखंडी कपाटाचं विचारलं होतं.

मी आत जाऊन वही आणली. तोपर्यंत तीन वह्या भरल्या होत्या. मी त्यांच्या समोर पानं उलटली. शंभर खेपांमागे जेमतेम चार-पाच खेपा लहान गाडीत न बसणाऱ्या होत्या, आणि त्यातल्याही बहुतेक कॅरिअरवर गेल्या होत्या. मोठ्या गाडीला डिझेल किती जादा, टायर किती जादा, पेडण्याच्या गावात शिरताना वेळ किती जादा, हे मी तोंडपाठ सांगितलं. मला राग आला नव्हता, उलट मी खुशीत होते. आपला हिशोब बरोबर निघाल्याचा आनंद होता तो.

त्यांनी वही हातात घेतली. बराच वेळ बघितली. मग परत दिली आणि म्हणाले, "बरोबर आसा."

कप विसळून ठेवला आणि ते गाडीकडे गेले.

सहाव्या वर्षी, दसऱ्याच्या आधीच्या दिवसांत, मुरगावच्या व्यापाऱ्याचा फोन आला. एका जहाजाच्या पंपाला रिंग हवी होती. त्याने सांगितलेली मापं दोन वेळा वेगवेगळी आली होती. मी दोन रिंगा काढल्या, पण कुठली बसेल हे तिथे यंत्र बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं आणि जहाज दुपारी सुटणार होतं. मालकांना तेवढा प्रवास झेपत नव्हता. ते म्हणाले, तूच जा. म्हणून मी यजमानांबरोबर गाडीत बसले. लग्नसमारंभाला, माहेरी, देवळात आम्ही त्या गाडीतून गेलो होतो, पण ती अर्ध्या-एका तासाची जाणी-येणी. कामाच्या लांब खेपेला मी सहा वर्षांत पहिल्यांदा बसत होते.

माशेल येईपर्यंतच माझ्या मांड्या खालून तापल्या. मी ठेंगणी आहे, मला पाय हलवायला जागा होती. त्यांना नव्हती. त्यांचा उजवा गुडघा दाराला टेकलेला होता आणि पँटवर तिथे कापड विरलं होतं. ती पँट मीच धूत होते. बाणस्तारीच्या पुलावर ते एक हात सीटच्या कडेवर दाबून अंग किंचित वर उचलायचे आणि परत खाली बसायचे. थोड्या वेळाने पुन्हा. ते पुढे रस्त्याकडे बघत होते आणि मला वाटलं की आपण बोललो तर ते हे करायचं थांबवतील.

झुवारीच्या पुलाच्या अलीकडे, आगशीला, त्यांनी गाडी बाजूला घेतली. म्हणाले, चहा पिऊ. एक लहान गाडा होता, चहा आणि भाजी-पावाचा, आणि मागे माडांखाली एक लांब बाकडं. ते दार उघडून आधी दोन्ही हातांनी छपराची कड धरून उभे राहिले. उजवा पाय त्यांनी हाताने उचलून बाहेर ठेवला. हाताने. मग काही क्षण तसेच, दाराला धरून.

गाड्यावरची बाई माझ्याएवढीच असेल, झग्यातली. तिने आम्हाला बघितलं आणि काही न विचारता बाकड्यावरचे ग्लास उचलले, वर एक गोणपाट पसरलं. यजमान चालत गेले आणि त्यावर उताणे झोपले. पाय खाली सोडले, डोळे मिटले. जणू हे रोजचंच होतं.

तिने माझ्या हातात चहा दिला आणि विचारलं, "तूं तांची बायल?"

मी हो म्हटलं.

"धा मिनटां न्हिदूं दी तांका. मागीर पाय चलता." मग ती भांडी विसळत राहिली आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, म्हणाली की दोन वर्षं ते इथे असेच थांबतात, जाताना एकदा आणि येताना एकदा. एकदा पावसात बाकडं ओलं होतं तर तिच्या ओसरीवर आडवे झाले होते. तिने त्यांना विचारलं होतं की घरी माहीत आहे का. ते हसले होते.

मी चहा प्यायले नाही. हातात धरून बसले. त्यांच्या चपला बाकड्याखाली एकमेकींपासून लांब पडल्या होत्या आणि उजव्या चपलेचं टोक पुढून घासलेलं होतं, पाय ओढत चालणाऱ्याचं घासतं तसं. दोन वर्षं. मुरगावच्या रस्त्यावर एका परक्या बाईला ठाऊक होतं. बहुतेक बंदराच्या गेटवरच्या पहारेकऱ्यांना ठाऊक असेल, पेट्रोल भरणाऱ्याला ठाऊक असेल. मी त्यांच्याबरोबर एका घरात राहत होते.

दहा मिनिटांनी ते उठले, चहा उभ्यानेच घेतला, तिला म्हणाले की आज बायकोला जहाज दाखवायला चाललो आहे. ती हसली. आम्ही वेळेत पोचलो. दोनपैकी लहान रिंग बसली. जहाजावरचा इंजिनिअर खूश झाला आणि माझ्या मापाचं त्याने कौतुक केलं. मला तिथून कधी एकदा निघते असं झालं होतं.

परतताना आगशीला ते थांबले नाहीत. मीच म्हटलं, थांबवा. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि थांबवली.

त्याच आठवड्यात म्हापशाला डॉक्टरांकडे नेलं. मणक्यातली नस दबली होती आणि उजव्या पावलात ताकद कमी झाली होती. डॉक्टरांनी त्यांना गाडीत कसे बसता ते स्टुलावर बसून दाखवायला सांगितलं. त्यांनी दाखवलं, गुडघे वर, मान तिरकी. डॉक्टरांनी मला विचारलं, किती तास? मी मनात वह्यांची पानं उलटली. खेपांची मापं मला सगळी येत होती, तासांचा आकडा मी कधीच लिहिला नव्हता. यजमानच म्हणाले, आठ-नऊ.

ब्रेकवरचा पाय आता भरवशाचा नाही, गाडी बंद करा, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं की हे गाडीमुळेच झालं का. त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. आधीची ट्रकवरची वर्षं, वय, हाडांची ठेवण, असं सगळं मिळून होतं, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, म्हणाले. घरच्या लोकांनी पुढे मला याच वाक्याने समजावलं. मला त्या वाक्याने कधी बरं वाटलं नाही. ट्रकवर ते वीस वर्षं ताठ बसत होते, ते मी बसच्या खिडकीतून बघितलं होतं.

तरी मी हट्ट सोडला नाही. मला वाटलं, उपचार होतील, पाय सुधारेल, आणि मग मोठी गाडी घेऊ. त्यात ते सरळ बसतील. महिनाभराने मी त्यांना त्याच शोरूममध्ये घेऊन गेले. ते नको म्हणत होते. उंच छपराची गाडी पुढेच उभी होती. ते दाराच्या दांड्याला धरून चढले, त्यांना वेळ लागला, मी खालून बघत राहिले. बसले. पाठ सरळ झाली. डोक्यावर वीतभर जागा होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि पाय पुढे सोडले. डावा पाय सहज गेला. उजवा त्यांनी ब्रेकवर ठेवला आणि दाबून बघितला, परत दाबून बघितला.

मग ते नुसते बसून राहिले. विकणारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. बाहेर रस्त्यावर बसेस जात होत्या.

"हिच्यात बरा वाटता," ते म्हणाले.

आणि उतरायला लागले.

बसने घरी येताना मला राहवलं नाही. मी त्यांना विचारलं, "तुमी माका कित्याक सांगलां नाय?"

ते उभे होते, वरचा दांडा धरून. मी खिडकीजवळ बसले होते. आजूबाजूला माणसं होती, म्हणून ते खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "एकदा इचारलेलंय मी. तू वही काढलंस."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना वाटलं असावं की मला लागलं. म्हणून लगेच म्हणाले, "वही बरोबर होती गो."

त्यांना टोमणा मारता येत नाही. त्यांनी ते खरंच तसं म्हटलं होतं, आणि मला अजून वाटतं की टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यांना मोठी गाडी स्वतःसाठी मागता आली नाही, म्हणून त्यांनी मालाचं निमित्त केलं. माझ्यासमोर मालाचंच बोलणं चालतं, हे त्यांना माझ्यामुळेच कळलं होतं. आणि मालाचं बोलणं निघाल्यावर मी जिंकणारच होते.

गाडी आम्ही विकली. डिचोलीच्या एका पोदेराने घेतली, गावोगाव पाव पोचवायला. तो अंगाने लहानखुरा होता. चावी घेऊन तो सहज आत बसला, आरसा खाली वळवून घेतला आणि निघून गेला. गाडीत खोट काहीच नव्हती.

दुकानाच्या मालकांनी यजमानांना काउंटरवर घेतलं. उभं राहायचं काम, ते त्यांना जमतं. माल ओळखायला ते माझ्याकडून शिकले. मला मापं येतात, त्यांना ती यंत्रं कुठल्या शेडमध्ये, कुठल्या कोपऱ्यात आहेत आणि तिथला मेकॅनिक कसा आहे ते येतं. गिऱ्हाइकं हल्ली त्यांच्याशीच जास्त बोलतात. मालकांनी घाईच्या मालासाठी दुसऱ्या एका व्हॅनवाल्याला सांगितलं आहे. यजमान माल त्याच्या हातात देतात आणि दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ थांबतात. नंतर आत येतात. मी त्या वेळी त्यांच्याकडे बघत नाही.

वह्या मी फेकल्या नाहीत. जाळाव्यात असंही मनात आलं होतं, पण त्यात त्यांनी दिवसभर काम करून येऊन, दारात उभं राहून, हाताने दाखवत सांगितलेली मापं आहेत. प्रत्येक ओळीत ते आहेत, आणि कुठल्याच ओळीत नाहीत. अधूनमधून कुणी नवा माणूस व्हॅन घ्यायची म्हणून दुकानात सल्ला विचारायला येतो. मालक माझ्याकडे बोट करतात. मी लांबी सांगते, दार किती रुंद हवं ते सांगते, रिकामी गाडी पळवू नका म्हणून सांगते. मग विचारते, चालवणार कोण? आणला आहे का त्याला बरोबर? लोक गोंधळतात. एक जण हसून म्हणाला, ड्रायव्हर काय, मिळतो.

सोमवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी आम्ही व्यायामाच्या उपचारासाठी डिचोलीला जातो, बसने. त्यांच्या हातात काठी असते, म्हणून कुणीतरी उठून त्यांना जागा देतं. ते नको म्हणतात आणि मला बसवतात. सुरुवातीला मीही त्यांच्याबरोबर उभी राहायचे. त्यांना ते आवडलं नाही, एकदा चिडून म्हणाले की दोघांनी उभं राहून काय होणार आहे. तेव्हापासून मी बसते. ते माझ्या शेजारी उभे राहतात, वरच्या दांड्याला धरून, डोकं छपरापाशी किंचित वाकवून. वळणावर त्यांचा उजवा पाय घसरतो आणि ते दांडा घट्ट धरतात. मी त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असते.